विमान सुटेपर्यंत युद्ध

पोदलेसवर हल्ला झाल्याचं पोदलेसकरांना टीव्हीवरून कळलं.

शनिवारची सकाळ होती. आठवडाभराच्या रिपरिपीनंतर पहिल्यांदाच लख्ख ऊन पडलं होतं, आणि गावातली एकूण एक बाई अंगणात पत्र्याच्या पिंपाची चूल पेटवून तिच्यावर लाल मिरच्या भाजत बसली होती. आमच्याकडे सप्टेंबरात हे असंच चालतं. लांबोडक्या, मांसल, गोड मिरच्या, पोतीच्या पोती. त्या काळ्याठिक्कर होईस्तोवर भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि मग तेलात तासन्‌तास घोटून त्यांचा आयवार करायचा. तो बरण्यांत भरायचा आणि हिवाळाभर पावाला लावून खाताना शेजारणीच्या आयवाराला नावं ठेवायची. शेजारणीची चूल पेटलीय आणि आपली थंड आहे, हे पोदलेसमध्ये कुणालाच सहन होत नाही. त्यामुळे एका अंगणातून धूर निघाला की बघता बघता सगळं गाव धुरात जातं.

स्रेब्राचं अंगण गल्लीच्या टोकाला होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात, पासष्टी ओलांडलेली, पण चुलीपुढे बसली की विशीतल्या पोरींना मागे टाकील अशी बाई. दरवर्षी ती आणि शेजारची त्रेंदा मिळून आयवार करायच्या. चूल स्रेब्राची, मिरच्या निम्म्या निम्म्या आणि बडबड सगळी त्रेंदाची, अशी वाटणी होती.

त्रेंदाचा नवरा मेतोदी मात्र या कामात धरलेला नव्हता. मेतोदी पूर्वी लांब पल्ल्याची बस चालवायचा. निवृत्त झाल्यापासून तो टीव्हीसमोर बसून जग चालवत होता. कुठल्या देशाने कुठे सैन्य हलवलं, कुठल्या समुद्रात कुणाची जहाजं उभी आहेत, कुठल्या कंपनीच्या यंत्रमेंदूने कुणाच्या नोकऱ्या खाल्ल्या, हे त्याला तोंडपाठ. घरातला नळ वसंतापासून गळत होता, तो भाग वेगळा.

तर हा मेतोदी हातात फोन घेऊन, पायात एकच चप्पल, असा धावत अंगणात आला.

"बायांनो! आपल्यावर ड्रोन पडलेत!"

"कुठे?" त्रेंदाने मिरची उलटली.

"इथे! पोदलेसवर! चाळीस ठिकाणी आग लागलीय!"

"पडले तर पडले. आलाच आहेस तर ओसरीवरची लाकडं घेऊन ये."

"अगं बाई, मी चेष्टा करत नाहीये! बघ, बघ तरी!"

दोघी वाकून बघायला लागल्या. राजधानीतलं एक नवं बातम्यांचं पोर्टल होतं, त्याची बातमी टीव्हीने जशीच्या तशी उचलली होती. 'पोदलेसवर धुराचे चाळीसहून अधिक लोट. ड्रोनहल्ल्याचा संशय. जीवितहानीचा तपशील अद्याप नाही.' खाली एक चित्र, तेही हलतं. लाल आकाश, कोसळणारा चर्चचा मनोरा आणि धावणारी माणसं.

"आपल्या चर्चला मनोरा कधी बांधला?" त्रेंदाने विचारलं.

मेतोदीने चर्चच्या दिशेने पाहिलं. बुटकं, कौलारू चर्च धुराच्या पडद्यातून नेहमीसारखं दिसत होतं. "वरच्या आळीत असेल," तो म्हणाला.

आता हसू नका. वरच्या आळीतले लोक त्याच वेळी म्हणत होते की खालच्या आळीत काहीतरी झालंय. स्वतःच्या अंगणात मिरची आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, पण बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणांचं काय? टीव्ही काय उगाच सांगेल? चौकातल्या कॅफेत तोवर तीन तट पडले होते. एक म्हणे, हे मोठ्या देशांचं काम. दुसरा म्हणे, आपल्याच सरकारचं, कर वाढवायचे असतील म्हणून. तिसऱ्याचं म्हणणं, असं काही झालेलंच नाही, पोदलेसही नाही, सगळं यंत्राने तयार केलेलं आहे. हे तो पोदलेसमध्ये बसूनच सांगत होता. दुकानातलं तेल तासाभरात संपलं. ते युद्धामुळे संपलं की आयवारामुळे, हे दुकानदाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

गल्लीतले फोन खणाणायला लागले. ज्यूरिकहून कुणाची सून, मेलबर्नहून कुणाचा भाचा, इटलीहून कुणाचे व्याही. "मिरच्या आहेत रे, मिरच्या!" अशा आरोळ्या कुंपणाकुंपणातून येऊ लागल्या, आणि पाठोपाठ हसण्याचे फवारे.

स्रेब्राचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला असायचा. त्याच्याकडे बघायची सवय तिने मुद्दाम मोडली होती. तो वाजला तेव्हा तिने काळे झालेले हात एप्रनला पुसले, जवळ गेली आणि नाव वाचून तशीच उभी राहिली. स्लाव्चो.

तिने फोन उचलण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. स्लाव्चो तिचा एकुलता एक मुलगा. चाळिशी उलटलेला, एकटा राहणारा, स्वीडनमध्ये माल्मोला लिफ्ट दुरुस्त करायचा. दर उन्हाळ्यात यायचा. दोन वर्षांपूर्वी आला होता तेव्हा स्रेब्राने टीव्हीवर एक म्हातारी पाहिली होती. कुठल्याशा लांबच्या युद्धातली, घराच्या ढिगाऱ्यावर बसलेली, कडेवर कोंबडी. 'कालच भिंतीला चुना लावला होता हो,' असं ती म्हणत होती. स्रेब्रा दोन दिवस रडली. जेवण गोड लागेना. त्या म्हातारीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. आणि मग स्लाव्चोने तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून तिला दाखवला. कोंबडीला तीन पाय होते. म्हातारी, ढिगारा, चुना, सगळं यंत्राने बनवलेलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण तो हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि संध्याकाळी कॅफेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाव विचारायला लागलं, "काय स्रेब्रा, कोंबडी कशी आहे? चालते का नीट?"

स्रेब्रा गावाला काही बोलली नाही. मुलाला बोलली. "मी ज्यावर रडले त्यावर तू हसलास. माझ्याच घरात माझ्यावर हसायचं असेल तर दार तिकडे आहे." तोही बापाच्या वळणावर गेलेला. बॅग भरली, निघाला. तेव्हापासून फोन नाही. याने करावा म्हणून ही थांबली, हिने करावा म्हणून तो. दोन हिवाळे असेच गेले. दरवर्षी त्याच्या वाटणीच्या बरण्या स्रेब्रा भरायची आणि वसंतात मुकाट्याने त्रेंदाला देऊन टाकायची.

तिने फोन उचलला.

"आई? आई! आहेस का तू?"

"आहे रे."

"कुठे आहेस?"

"अंगणात."

"अंगणात काय करतेयस! आत जा आधी! नाही, आत नको, तळघरात जा!"

"अरे, मिर..." तिने सुरुवात केली आणि नेमका धूर घशात गेला. ती खोकायला लागली.

"आई! धूर आहे का तिथे? खूप आहे?"

"आहे," ती खोकत म्हणाली. "खूप आहे."

एवढं खरंच होतं. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, पण स्लाव्चोचा आवाज कापत होता. लहानपणी ताप चढला की कापायचा तसा. तो आवाज ऐकून स्रेब्राला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलायचं, आनंदही झाला. भीतीने का होईना, पोरगा आई म्हणाला. मिरच्या म्हटलं की तो 'बरं' म्हणणार, ठेवणार, आणि मग पुन्हा दोन हिवाळे.

"मी येतोय," तो म्हणाला. "दुपारच्या विमानात एक जागा होती, घेतली. एकला सुटतंय. तू हलू नकोस. ऐकतेयस ना? हलू नकोस." आणि फोन बंद झाला.

त्रेंदाचे कान गल्लीत प्रसिद्ध होते. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगितलं नाहीस?"

"नाही."

"शाब्बास." त्रेंदाने चिमटा खाली ठेवला, आणि हे ती सहसा करत नाही. "एकदा विमानात चढला की चढला. आभाळात काही कुणी खाली उतरवत नाही. एक वाजेपर्यंत या गल्लीत युद्ध आहे, काय समजलीस?"

"अगं, पण हे बरं दिसतं का?"

"दोन वर्षं तू रोज त्या मेल्या फोनकडे पाठ करून बसतेस, ते बरं दिसतं? गप बस आणि मिरच्या उलट."

पहिली अडचण घरातूनच आली. मेतोदीला अखेर उलगडा झाला होता. तो कुंपणावरून डोकावून, इकडेतिकडे बघून, कपाळावर हात मारून आला. "अरेच्चा! हे सगळं मिरच्यांचं आहे! वरच्या आळीतही मिरच्याच आहेत, मी विचारलं. मी टीव्हीला फोन करतो. देशाला खरं काय ते कळलंच पाहिजे!"

मेतोदीने आयुष्यभर या क्षणाची वाट पाहिली होती. टीव्ही त्याला रोज सांगायचा, आज तो टीव्हीला सांगणार होता. त्याने शर्टही बदलला होता.

"अहो, जरा तळघरातून रिकाम्या बरण्या आणता का?" त्रेंदा एकदम गोड आवाजात म्हणाली.

तो नको तितका भोळा माणूस. उतरला. त्रेंदाने वरून दार ओढलं आणि कडी घातली.

"त्रेंदा! अगं ए! दार लागलं!"

"लावलंय. युद्ध आहे ना? तूच म्हणालास. बस आता आसऱ्याला."

"अगं, मिरच्या आहेत त्या!"

"एक वाजता मिरच्या होतील. तोवर ड्रोन आहेत. तिथे मागल्या वर्षीची वाइन आहे, बघ चाखून टिकलीय का."

खालून थोडा वेळ आरडाओरडा ऐकू आला, मग बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

दुसरी अडचण गाडीने आली. शेजारच्या शहरातल्या टीव्हीची बातमीदार, सान्या नावाची तरतरीत मुलगी, पाठीवर कॅमेरा घेतलेल्या माणसासह गल्लीच्या टोकाशी उतरली. उतरताक्षणी तिने नाक वर केलं, वास घेतला आणि मटकन गाडीच्या पायरीवरच बसली.

"मिरच्या," ती म्हणाली. "देवा. मिरच्या. मी डोक्यावर हेल्मेट घालून आलेय."

"ये बाळा, ये," त्रेंदाने हाक मारली. "हेल्मेट ठेव तिकडे, चाकू घे."

आयवाराच्या दिवशी अंगणात जो पाऊल टाकेल त्याने सोलायला बसायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पाद्री आला तरी चुकत नाही. सान्याला ते माहीत होतं, तीही कुणाच्या तरी अंगणात वाढलेली होती. तिने बाह्या सारल्या. कॅमेरावाल्यालाही एक घमेलं मिळालं. पाच मिनिटांत दोघांचे हात कोपरापर्यंत माखले आणि माईक धरायची सोय उरली नाही, हे त्रेंदाने समाधानाने पाहिलं.

"पण हे झालं कसं?" स्रेब्राने विचारलं.

"त्या पोर्टलने नवं यंत्र बसवलंय," सान्या साल ओढत म्हणाली. "जंगलात वणवा लागला तर कळावं म्हणून डोंगरावर कॅमेरे लावलेत ना, त्यातली चित्रं ते बघतं. धूर दिसला की स्वतःच बातमी लिहितं, स्वतःच चित्र बनवतं, स्वतःच छापतं. आता या आठवड्यात सगळीकडे ड्रोनच्याच बातम्या. त्याने दोन्ही जुळवलं. त्याला शिकवणारे कुठल्या थंड देशातले असतील, त्यांना चाळीस अंगणांतला धूर म्हणजे काय, ते कुठून कळणार?"

"आणि छापायच्या आधी बघायला एक माणूस नव्हता?"

"शनिवार ना, मावशी. माणसं आपापल्या आईकडे मिरच्या भाजायला गेलीत. मी संपादकाला फोन केला तर तो म्हणे, नंतर बोलतो, हात तेलाचे आहेत, ढवळायचं थांबवलं तर खाली लागेल."

त्रेंदा इतकी हसली की तिला घमेलं खाली ठेवावं लागलं. स्रेब्राही हसली. मग सान्याने घड्याळात पाहिलं. "साडेबाराच्या बातम्यांत मला हे सांगायचंय. मावशी, तुम्ही बोलाल का? चुलीपुढे उभ्या राहून, हातात मिरची धरून?"

दोघींची नजरानजर झाली. मग स्रेब्राने तिला सगळं सांगितलं. म्हातारी, चुना, तीन पायांची कोंबडी, हसणं, दार, दोन वर्षं, सकाळचा फोन. काही लपवलं नाही. बोलता बोलता तिचे हात थांबले होते.

सान्याने चाकू खाली ठेवला. "मावशी, बाकीचेही लोक घाबरलेत ना," ती जरा वेळाने म्हणाली. "आमच्या ऑफिसात परदेशातून फोनवर फोन येतायत. मी दाबून कशी ठेवू?"

"दाबू नकोस," त्रेंदा म्हणाली. "शेवटी घे. हवामानाच्या नंतर."

"हवामानाच्या नंतर बातम्या संपतात."

"तेच म्हणतेय मी."

सान्याने डोळे मिटले, उघडले. "हवामानाच्या आधी," ती म्हणाली. "त्याहून पुढे नाही ढकलता येणार. तोवर तो विमानात बसला तर तुमचं नशीब."

एवढ्यात चूल मंदावली. धूर पातळ झाला तर ते यंत्र 'आग आटोक्यात' अशी बातमी स्वतःच छापेल, असं कॅमेरावाल्याने सहज बोलून दाखवलं. त्रेंदाने ताबडतोब ओली लाकडं मागवली. कुंपणावरून हाकाहाकी झाली, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईने, कारण अर्धवट कळलेलं असताना, केवळ स्रेब्राच्या पोरासाठी म्हणून, आपापल्या चुलीत ओली फाटी सारली. पोदलेसवर असा काही धूर दाटला की समोरचं घर दिसेना. सगळ्यांचे डोळे वाहायला लागले. तळघरातून मेतोदीचा आवाज आला, "संपलं का युद्ध?"

"अजून नाही!" साऱ्याजणी एका सुरात ओरडल्या.

त्रेंदाला आता रंग चढला होता. "उतरू दे त्याला इथे," ती मिरची हवेत नाचवत म्हणाली. "दारात उभा राहिला की हातात ही द्यायची. गल्लीभर सगळ्या उभ्या राहू आपण दुतर्फा. सान्या, तू कॅमेरा लाव. तोंड बघायचंय मला त्याचं! सारा देश बघेल. तीन पायांच्या कोंबडीचं उट्टं व्याजासकट!"

बायका खिदळल्या. कुंपणापलीकडूनही हसू आलं.

स्रेब्रा हसली नाही. दोन वर्षं तिने नेमकं हेच मनात रंगवलं होतं. कधीतरी तोही फसेल आणि मग मी अशी हसेन, अशी हसेन. आणि आता डोळ्यांपुढे आलं ते निराळंच. स्लाव्चो दारात उभा आहे, खांद्यावर बॅग, चेहरा ओढलेला, आई जिवंत आहे हे बघून तोंड उघडलेलं, आणि सगळी गल्ली त्याच्यावर हसते आहे. ते हसू अंगावर घेताना कसं वाटतं हे या गल्लीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळपासून आपण जे करतोय ते काय करतोय, असं तिला वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

फोन वाजला.

"उचलू नकोस," त्रेंदा म्हणाली. "आता अगदी थोडं राहिलंय. गाडीत असेल, नाहीतर रांगेत. उचलू नकोस, सांगते."

स्रेब्राने उचलला.

"आई." तो रडत होता. लपवत नव्हता. "आई, इथे विमानतळावर भिंतीवर टीव्ही आहे. धूर वाढलाय म्हणतायत. चर्चचा मनोरा पडला. तू ठीक आहेस ना? पायाला काही लागलं नाही ना? खरं सांग. मला खरं सांग."

"स्लाव्चो, बाळा," स्रेब्रा म्हणाली, "आपल्या चर्चला मनोरा नाही."

"म्हणजे?"

"मिरच्या आहेत रे. आज ऊन पडलं, सगळ्यांनीच भाजायला घेतल्या. त्याचा धूर आहे. कुणाला काही झालेलं नाही."

त्रेंदाने कपाळावर हात मारला आणि तिथे काळा पंजा उमटला.

"मिरच्या," स्लाव्चो म्हणाला.

"हो."

"सप्टेंबर आहे." तो अगदी हळू बोलत होता. "मला कसं सुचलं नाही? मी त्याच अंगणात वाढलो. सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फोन ठेवला असतास. तुझा आवाज ऐकायचा होता मला." तिने धुराकडे पाठ केली. "वाईट केलं मी. घाबरवलं तुला."

त्याच्या मागे कुठेतरी बॅगांची चाकं खडखडत होती, कुणाचं तरी मूल किरकिरत होतं.

"मी इथे सगळ्यांसमोर रडलो गं," तो म्हणाला. "एका बाईने मला पाणी आणून दिलं."

"मग काय झालं? खरं वाटलं की रडू येतंच."

"हस ना तू. हसत का नाहीयेस?"

"नाही येत हसू."

अंगणात कुणी चिमटाही हलवत नव्हतं. सान्याने कॅमेरावाल्याच्या हातावर हात ठेवला होता.

"आई, त्या वेळी मी..."

"ते राहू दे." स्रेब्राने घसा साफ केला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात, दुधवाल्याशी बोलावं तशी, म्हणाली, "हे बघ, आता घाईने यायचं काही कारण नाही. तुझं काम असेल, रजा उगाच फुकट जाईल. जा घरी. मी ठीक आहे. वाटलं तर पुढच्या आठवड्यात फोन कर."

विमानतळाच्या त्या मोठ्या दालनातला गोंगाट तेवढा ऐकू येत होता, आणि त्या गोंगाटावर लाउडस्पीकरवरचा एका बाईचा आवाज. भाषा स्रेब्राला कळण्यातली नव्हती. पण मध्येच एक शब्द आला आणि तिने कान टवकारले. पोपगोर्गिएव. नवऱ्याचं आडनाव, तीन तुकडे करून, चुकीच्या ठिकाणी जोर देऊन. बाई पुन्हा तेच म्हणाली, जरा चिडून. कुणीतरी कुठेतरी पोहोचायचं राहिलं होतं आणि सगळे त्याच्यासाठी थांबले होते.

"परत कसा जाऊ?" स्लाव्चो म्हणाला. "मी विमानात बसलोय. दारं लागली. आता उतरू देत नाहीत."

लाउडस्पीकरवरच्या बाईने तिसऱ्यांदा हाक दिली.

"हो का," स्रेब्रा म्हणाली. तिने डोळे पुसले, त्यामुळे गालावर काजळी पसरली. "दारंच लागली म्हटल्यावर काय करणार. ये मग. आणि पट्टा बांध नीट."

"बांधलाय," तो म्हणाला, आणि तो धापा टाकत पळत सुटल्याचं तिला ऐकू आलं.